रक्तदाब ९६: फुफ्फुसाच्या धमनीतील गुठळी, आतले ओले टाके आणि नळीने केलेला उपचार

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावात सुरू झाले आणि पुण्यातील एका रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत, त्याला वळण मिळाले. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तिचे वय, गाव आणि घरची काही माहिती बदलली आहे. वैद्यकीय घटनाक्रम आणि आकडे तसेच ठेवले आहेत. मी उपचार करणाऱ्या चमूचा भाग होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत, त्यांतील एक माझी स्वतःची आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ४९ वर्षांच्या गृहिणी. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. सात वर्षांपासून उच्च रक्तदाब आणि त्यासाठी रोज एक गोळी. गर्भाशयात मोठ्या गाठी असल्याने दोन वर्षे पाळीच्या वेळी अतिरक्तस्राव होत होता. तो थांबवण्यासाठी शेवटचे तीन महिने त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेत होत्या. या गोळ्या आपल्याकडे घरोघरी परिचयाच्या आहेत, कारण सणावारी पाळी पुढे ढकलण्यासाठीही त्या सर्रास घेतल्या जातात. मात्र मोठ्या मात्रेत घेतल्यास या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हे गोळी घेणाऱ्या बाईला सहसा कोणी सांगत नाही.

अखेर पोट उघडून गर्भपिशवी काढण्यात आली. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली आणि पाचव्या दिवशी त्या घरी परतल्या. घरी आल्यावर जे झाले, ते आपल्या बहुतेक घरांत होते. टाके आहेत, हलू नकोस, जड काही उचलू नकोस, असे सासूबाईंपासून शेजारणींपर्यंत सर्वांनी बजावले. पोटाला पट्टा बांधलेला आणि जेवणही पलंगावरच. या मायेबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, वजन अधिक असलेली आणि हार्मोनची गोळी घेतलेली व्यक्ती दहा दिवस पलंगावर राहिली, तर पोटरीच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळते आणि तेथेच गुठळी धरते. ती सुटली, तर रक्तासोबत हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते.

अकराव्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली व पाय किंचित सुजला. वात असेल, असे घरच्यांना वाटले. जवळच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी आणि शेक सुचवला. चौदाव्या दिवशी न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागला, तो अशक्तपणाच्या खात्यावर गेला. सोळाव्या दिवशी सकाळी सव्वासहाच्या सुमारास त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. शुद्ध मिनिटाभरात परत आली, पण ओठ निळसर पडले होते आणि धाप थांबत नव्हती.

समस्या

तालुक्याच्या रुग्णालयात नाडी मिनिटाला १२४, ऑक्सिजन ८६ टक्के, रक्तदाब १००/७० अशी नोंद झाली. ईसीजीमध्ये छातीच्या पहिल्या चार पट्ट्यांत टी लहरी उलट्या झालेल्या होत्या आणि ट्रोपोनिन वाढलेले होते. पन्नाशीकडे झुकलेली, उच्च रक्तदाबाची रुग्ण, बदललेला ईसीजी आणि वाढलेले ट्रोपोनिन असे चित्र समोर असताना डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका गृहीत धरला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट निकामी करणाऱ्या औषधांच्या भारी मात्रा दिल्या, शस्त्रक्रिया ताजी असल्याने हेपारिन हे रक्त पातळ करणारे औषध टाळले, रक्तदाब कमी वाटल्याने सलाइनची एक बाटली दिली आणि दुसरी लावून रुग्णवाहिका जिल्ह्याच्या दिशेने पाठवली.

तो ईसीजी मी नंतर शांतपणे पाहिला. टी लहर छातीच्या पहिल्या पट्टीत उलटी होतीच, पण हातापायांच्या तिसऱ्या पट्टीतही उलटी होती. या दोन्ही जागी एकाच वेळी उलटी टी लहर दिसली, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांइतकाच फुफ्फुसातील गुठळीचा विचार करावा लागतो. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगते, इजा कशाने झाली हे सांगत नाही. हृदयाचा उजवा कप्पा अचानक ताणला गेला तरी ते वाढते. तथापि सकाळी सात वाजता, धापा टाकणारी रुग्ण आणि भेदरलेले नातेवाईक समोर असताना हा भेद करणे अवघड असते, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात सीटी स्कॅन होते, कॅथलॅब नव्हती. तेथील फिजिशियननी रुग्णाच्या अंगावरची चादर बाजूला करून आधी दोन्ही पाय पाहिले. डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने जाड होती. लगेच खाटेजवळच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा उजवा खालचा कप्पा डाव्यापेक्षा मोठा दिसला. त्याची भिंत जवळजवळ निपचित होती आणि फक्त टोक हलत होते. फुफ्फुसातील गुठळीची शक्यता मोजणाऱ्या वेल्स गुणांकनात सुजलेल्या पायाचे ३, दुसरे निदान कमी संभवनीय असल्याचे ३, वेगवान नाडीचे दीड आणि चार आठवड्यांतील शस्त्रक्रियेचे दीड, असे ९ गुण झाले. ४ च्या वर गुण असतील तर गुठळीची शक्यता मोठी मानतात. डॉक्टरांनी सीटीची वाट न पाहता हेपारिनचा ५,००० युनिटचा डोस शिरेतून दिला आणि मग रुग्णाला सीटीसाठी नेले. या प्रकरणातील पहिला निर्णायक आणि अचूक निर्णय तो होता.

सीटीमध्ये फुफ्फुसाच्या धमनीच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही मुख्य शाखांत मोठ्या गुठळ्या दिसल्या. उजव्या कप्प्याची रुंदी डाव्याच्या १.६ पट होती. एरवी उजवा कप्पा डाव्याहून लहान असतो. आम्हाला दूरध्वनी आला तेव्हा रक्तदाब ९६/६४, नाडी १२४, चार लिटर ऑक्सिजनवर प्राणवायूचे प्रमाण ९१ टक्के आणि शरीराला रक्त अपुरे पडले की वाढणारे रक्तातील लॅक्टेट ३.४ होते.

येथे हृदयात काय चालले होते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावरच उभे आहेत. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते, कारण एरवी त्याला फुफ्फुसांच्या कमी दाबाच्या वाटेवरच रक्त ढकलायचे असते. धमनी अचानक तुंबली, की हा कप्पा फुगतो आणि दोन कप्प्यांमधला पडदा डाव्या बाजूला ढकलतो. त्यामुळे डाव्या कप्प्यात पुरेसे रक्त भरत नाही आणि सबंध शरीराचा रक्तदाब घसरतो. दाब घसरला की उजव्या कप्प्याच्या स्नायूलाही रक्त कमी पडते, तो आणखी थकतो आणि हे चक्र काही मिनिटांत रुग्णाला संपवू शकते. अशा रुग्णाला सलाइनच्या बाटल्या लावणे म्हणजे आधीच फुगलेल्या कप्प्यात आणखी भर घालणे होय. म्हणून आम्ही दूरध्वनीवर पहिली सूचना दिली ती दुसरी बाटली बंद करण्याची आणि रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनलिन तयार ठेवण्याची.

पहिला निर्णय: तिथेच थांबायचे की पुण्याला आणायचे

अंतर ११० किलोमीटर होते. गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस त्या रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये उपलब्ध होते. हेपारिनवर ठेवून वाट पाहणे, टेनेक्टेप्लेस देणे किंवा रुग्णाला हलवणे, असे तीन मार्ग होते आणि तिन्हींत जोखीम होती. सोळा दिवसांपूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि सकाळीच क्लोपिडोग्रेल घेतलेल्या रुग्णाला ते औषध देण्याची तेथील डॉक्टरांची तयारी नव्हती, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मागील तीन आठवड्यांतील मोठी शस्त्रक्रिया हे हे औषध न देण्याचे ठळक कारण म्हणून नोंदवलेले आहे.

रुग्णाला हलवायचे ठरले, पण काही अटींवर. रुग्णवाहिकेत डॉक्टर असावा, हेपारिन पंपावर चालू राहावे, आणि टेनेक्टेप्लेसची कुपी सोबत असावी. वाटेत हृदय बंद पडले, तर टाक्यांचा विचार न करता ते द्यावे. मृत्यू दारात उभा असताना रक्तस्रावाची भीती दुय्यम ठरते, हे आधीच बोलून ठेवल्यामुळे सोबत येणाऱ्या तरुण डॉक्टरवर ऐनवेळी एकट्याने निर्णय घेण्याची पाळी आली नसती. कृत्रिम श्वासासाठी घशात नळी घालणे शक्यतो टाळावे, हेही सांगितले. भुलीच्या औषधाने दाब पडतो, यंत्राच्या श्वासाने छातीतला दाब वाढतो आणि असा उजवा कप्पा त्याच क्षणी हार मानू शकतो.

इथेच माझ्याकडून एक चूक झाली. दूरध्वनीवर ९६ हा आकडा ऐकून मी तिची नोंद मध्यम पण वरच्या जोखमीच्या गटात केली. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, तर उच्च जोखीम, ही चौकट डोक्यात इतकी पक्की बसलेली असते, की त्याच व्याख्येतील दुसरा अर्धा भाग मी विसरलो: नेहमीच्या दाबात ४० किंवा त्याहून अधिक घट झाली आणि ती पंधरा मिनिटांहून जास्त टिकली, तरीही रुग्ण उच्च जोखमीचाच असतो. रुग्ण दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पोहोचली. तिच्या यजमानांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुनी फाइल काढून दिली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत, गोळी चालू असतानाही, तिचा रक्तदाब १५०/९० आणि १४६/८८ असा नोंदलेला होता. म्हणजे सकाळपासून सगळे ज्या आकड्याला बरा म्हणत होते, तो तिच्या नेहमीच्या दाबापेक्षा पन्नासने कमी होता. हात गार पडले होते, सकाळपासून लघवी नाममात्र झाली होती आणि लॅक्टेट सकाळीच वाढलेले होते. हे सर्व एकच गोष्ट सांगत होते, ती मी तीन तास उशिरा ऐकली.

विचारात घेतलेले पर्याय

रुग्ण पोहोचल्यावर हृदयरोगतज्ज्ञ, अतिदक्षता विभागाचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सक अशा चौघांशी एकत्र चर्चा झाली. फुफ्फुसातील गुठळीसाठी असा तातडीचा चमू एकत्र बोलावण्याची पद्धत २०१२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सुरू झाली आणि नंतर जगभर पसरली. आमच्याकडे तिचे रूप साधे आहे: चार दूरध्वनी, आणि पडद्यावरचे सीटी पाहत एका टेबलाभोवती झालेली दहा मिनिटांची चर्चा.

फक्त हेपारिनवर ठेवणे हा पर्याय लवकर मागे पडला. हेपारिन गुठळी वाढू देत नाही, पण तयार झालेली गुठळी विरघळवत नाही. ते काम शरीर स्वतः करते आणि त्याला दिवस लागतात. या उजव्या कप्प्याकडे तेवढे दिवस नव्हते.

गुठळी विरघळवणारे औषध पूर्ण मात्रेत शिरेतून देणे हा उच्च जोखमीच्या रुग्णासाठी एरवीचा पहिला उपचार आहे. त्याचे बळ आणि त्याची किंमत दोन्ही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाइथो अभ्यासातून स्पष्ट झाली होती. त्या अभ्यासातील १,००६ रुग्ण रक्तदाब टिकून असलेले होते. नुसत्या हेपारिनवर ठेवलेल्यांपैकी ५.६ टक्के रुग्णांचा सात दिवसांत मृत्यू झाला किंवा रक्ताभिसरण कोसळले. टेनेक्टेप्लेस दिलेल्यांमध्ये हे प्रमाण २.६ टक्के होते. परंतु पक्षाघाताचे प्रमाण ०.२ वरून २.४ टक्क्यांवर आणि मेंदूबाहेरील मोठ्या रक्तस्रावाचे १.२ वरून ६.३ टक्क्यांवर गेले. हे आकडे ताजी शस्त्रक्रिया नसलेल्या रुग्णांचे होते. आमच्या रुग्णाच्या ओटीपोटात आतले टाके भरत आलेले नव्हते आणि प्लेटलेट निकामी करणारी दोन औषधे अंगात होती. योनीमार्गाच्या वरच्या टोकाशी शिवलेल्या जागेतून रक्तस्राव सुरू झाला, तर बाहेरून दाबून तो थांबवता येणार नाही, असे स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले.

छाती उघडून गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया ही कल्पना फार जुनी आहे. लाइपझिगच्या ट्रेंडेलेनबर्ग यांनी १९०८ मध्ये ती मांडली आणि त्यांचे शिष्य किर्शनर यांच्या हातून १९२४ मध्ये असा पहिला रुग्ण वाचला. आज ती हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने होते, पण त्या यंत्रासाठीही रक्त भरपूर पातळ करावे लागते, आणि पुन्हा एक मोठी शस्त्रक्रिया होते ती वेगळीच. हा मार्ग राखीव ठेवला.

उरला नळीचा मार्ग, आणि त्यातही दोन वाटा होत्या. पहिल्या वाटेत बारीक छिद्रांच्या नळ्या गुठळीच्या आत ठेवून त्यांतून औषध थेंबाथेंबाने सोडतात. दोन्ही बाजू मिळून अल्टेप्लेस हे विरघळवणारे औषध साधारण २४ मिलिग्रॅम लागते, तर शिरेतून देताना १०० मिलिग्रॅम. मात्रा चौथ्या हिश्शावर येते, पण औषध शेवटी रक्तातच मिसळते आणि परिणाम दिसायला काही तास लागतात. दुसऱ्या वाटेत मोठ्या तोंडाची नळी गुठळीपर्यंत नेऊन ती ओढून बाहेर काढतात. यात विरघळवणारे औषध मुळीच लागत नाही. फ्लेअर आणि एक्स्ट्रॅक्ट-पीई या अभ्यासांत अशा शोषणानंतर ४८ तासांत उजव्या-डाव्या कप्प्यांचे गुणोत्तर अनुक्रमे ०.३८ आणि ०.४३ ने कमी झाले होते. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीअरलेस अभ्यासात ५५० रुग्णांमध्ये या दोन वाटांची थेट तुलना झाली. शोषणाच्या गटात प्रकृती ढासळण्याचे आणि अतिदक्षता विभागाची गरज पडण्याचे प्रमाण कमी होते, मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही.

हे सर्व नातेवाइकांसमोर जसेच्या तसे ठेवले. यजमानांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आतले टाके ओले असताना रक्त पातळ केलं, तर आतून फुटणार नाही का?’ प्रश्न अगदी वर्मावरचा होता. हेपारिनने थोडा धोका आहे, विरघळवणाऱ्या औषधाने बराच, आणि म्हणूनच ते औषध टाळून नळीने गुठळी ओढून काढायचा विचार आहे, असे सांगितले. त्याचबरोबर या उपचाराने जीव वाचेलच याची खात्री देता येत नाही, नळीने हृदयाला किंवा धमनीला इजा होऊ शकते आणि नळीचा खर्च लाखांत आहे, हेही सांगितले. मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने काकांशी दूरध्वनीवर बोलून पैशांची जुळवाजुळव केली. आईला आधी आत घ्या, पैशांचे आम्ही पाहतो, असे तो म्हणाला. रुग्णालयानेही पूर्ण भरण्याची वाट पाहिली नाही, आणि असा रुग्ण समोर असताना तेच योग्य होते.

प्रत्यक्ष उपचार

रुग्ण आल्यापासून कॅथलॅबच्या टेबलावर जाईपर्यंत सत्तर मिनिटे गेली. पूर्ण भूल दिली नाही. जांघेत जागा बधिर करून काम सुरू केले आणि ताईंशी बोलत राहिलो. नॉरॲड्रेनलिन आधीच लहान मात्रेत सुरू होते. गुठळी डाव्या पायात असल्याने उजव्या जांघेतील शीर निवडली, आणि तिच्यातही गुठळी नाही याची सोनोग्राफीने खात्री करून मगच सुई टोचली. घाईत ही पायरी गाळली, तर नळीच नवी गुठळी फुफ्फुसात ढकलू शकते.

फुफ्फुसाच्या धमनीतील दाब ५८/२८, सरासरी ३८ होता. अशा दाबाची सवय नसलेला उजवा कप्पा अचानक सरासरी ४० च्या पुढे फारसा ढकलू शकत नाही. म्हणजे तो आपल्या मर्यादेच्या काठावर काम करत होता. १२ फ्रेंच मापाची, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची शोषण-नळी तारेवरून आधी उजव्या बाजूच्या खालच्या शाखेत नेली, कारण सीटीत सर्वांत जास्त रक्तमार्ग तिथेच अडलेला होता. पहिल्या ओढीत फार काही आले नाही. दुसऱ्या ओढीत बोटभर लांबीची, पायाच्या शिरेचा आकार घेतलेली काळपट गुठळी आली आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत नाडी १२२ वरून ११० वर उतरली. ताई म्हणाल्या, ‘छातीवरचं ओझं हललं.’

डाव्या बाजूला काम अवघड गेले. तिसऱ्या ओढीत गुठळी नळीच्या तोंडाशी अडकली. आत येईना आणि सुटेना. अशा वेळी शोषण चालू ठेवून गुठळीसकट सबंध नळी सावकाश बाहेर काढावी लागते, आणि वाटेत गुठळी सुटली तर ती हृदयातून पुन्हा वर जाते. ती सुटली नाही. मात्र या सर्व खटाटोपात सुमारे ३५० मिलिलिटर रक्त गेले. शस्त्रक्रियेमुळे आधीच ९.४ असलेले हिमोग्लोबिन ८.१ वर आले आणि रक्ताची एक पिशवी द्यावी लागली.

दुसरा निर्णय: कुठे थांबायचे

साडेचार वाजून गेले होते. सरासरी दाब ३८ वरून २७ वर आला होता, नाडी ९८ होती, नॉरॲड्रेनलिन बंद करूनही रक्तदाब ११८ होता आणि दोन लिटर ऑक्सिजनवर प्राणवायू ९६ टक्के होता. पडद्यावर मात्र डाव्या खालच्या फांद्यांत गुठळी स्पष्ट दिसत होती. माझ्या सहकाऱ्याला आणखी एकदा नळी टाकावीशी वाटत होती. मलाही तो मोह होता. चित्र स्वच्छ दिसावे ही इच्छा हा उपचार करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते आणि तीच घातक ठरू शकते. लहान फांद्यांची भिंत पातळ असते. ती फाटली आणि हेपारिन चालू असले, तर फुफ्फुसात होणारा रक्तस्राव आवरत नाही. आम्ही गुठळी संपवण्यासाठी आत गेलो नव्हतो, उजव्या कप्प्यावरचे ओझे उतरवण्यासाठी गेलो होतो, आणि ते उतरले होते. उरलेले काम हेपारिनवर आणि शरीरावर सोपवून थांबलो. जांघेतील जागेवर आठच्या आकड्यासारखा टाका घेतला आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले.

पुढचे दिवस आणि परिणाम

ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल त्याच संध्याकाळी बंद केले. त्वचेखाली देण्याच्या हेपारिनऐवजी शिरेतून पंपावर चालणारे हेपारिन मुद्दाम चालू ठेवले, कारण पंप बंद केला की त्याचा प्रभाव काही तासांत ओसरतो आणि गरज पडल्यास प्रोटामिनने तो उलटवता येतो. ही सावधगिरी दुसऱ्याच दिवशी कामी आली. योनीमार्गातून थोडा रक्तस्राव सुरू झाला आणि सोनोग्राफीत टाक्यांच्या जागी तीन सेंटिमीटरची रक्तगाठ दिसली. हेपारिन चार तास थांबवले, नंतर अपेक्षित पातळीच्या खालच्या टोकाला ठेवून पुन्हा सुरू केले. गाठ वाढली नाही. आदल्या दिवशी विरघळवणारे औषध पूर्ण मात्रेत दिले असते, तर याच जागी काय झाले असते, हे एका रुग्णावरून सिद्ध करता येत नाही. पण ती सोनोग्राफी पाहताना स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मी बराच वेळ काही बोललो नाही.

पायात अजून गुठळी असल्याने पोटातील महाशिरेत गाळणी बसवावी का, यावर चर्चा झाली. गाळणी प्रामुख्याने रक्त पातळ करणारे औषध देताच येत नसेल तेव्हा उपयोगी असते. येथे ते चालू होते, म्हणून बसवली नाही. रक्तगाठ वाढली असती तर हा निर्णय बदलला असता.

४८ तासांनी इकोमध्ये उजवा कप्पा आकुंचन पावू लागलेला दिसला. त्याच्या हालचालीचे माप १३ मिलिमीटरवरून १८ वर आले होते. आठव्या दिवशी त्या अपिक्साबॅनच्या गोळीवर घरी गेल्या. सुरुवातीचे काही दिवस मोठी मात्रा आणि नंतर ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. रक्ताचे आनुवंशिक दोष तपासायचे का, असे मुलाने विचारले. ताजी गुठळी आणि हेपारिन यांमुळे अशा काही तपासण्या फसव्या येतात, आणि येथे शस्त्रक्रिया, अंथरुणावर पडून राहणे व हार्मोनची गोळी अशी तीन ठळक कारणे समोर असताना त्या तपासण्यांनी उपचारात फरक पडणार नव्हता. म्हणून केल्या नाहीत.

तीन महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांनी दोन जिने चढून बाह्यरुग्ण विभागात आल्या. इको पूर्ववत होता. दम राहिला असता तर गुठळी न विरघळता धमनीच्या भिंतीत मुरली आहे का, यासाठी फुफ्फुसाचा वेगळा स्कॅन करावा लागला असता. तशी गरज पडली नाही. शस्त्रक्रियेसारखे तात्पुरते कारण स्पष्ट असल्याने गोळी थांबवली. डावा पाय मात्र संध्याकाळी अजून सुजतो. शिरेतील झडपांना झालेली ती इजा आहे आणि ती पूर्ण भरून येईल असे आम्ही त्यांना सांगितलेले नाही. दाबाचे मोजे वापरल्याने आराम पडतो, असे त्या म्हणतात.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी शस्त्रक्रियेच्या दिवशीच हुकली. शस्त्रक्रियेनंतर गुठळी होण्याची जोखीम मोजणाऱ्या कॅप्रिनी गुणांकनानुसार वयाचा १, वजनाचा १, पाऊण तासाहून लांब शस्त्रक्रियेचे २ आणि हार्मोनच्या गोळीचा १ धरला, तर ५ गुण होतात आणि ही वरची जोखीम आहे. अशा रुग्णाला काही दिवस त्वचेखालून हेपारिनचे लहान डोस, दाबाचे मोजे आणि पहिल्याच दिवसापासून चालणे सुचवायला हवे. तिच्या कागदांत यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. डिस्चार्ज कार्डावर विश्रांती घ्यावी हे दोनच शब्द होते, आणि घरच्यांनी ते शब्दशः पाळले. चालत राहा, पोटरी दुखली किंवा सुजली तर त्याच दिवशी या, हे वाक्य त्या कार्डावर असते, तर कदाचित पुढचे काही घडले नसते.

अकराव्या दिवशी पोटरी दुखत होती, तेव्हा टेपने दोन्ही पोटऱ्या मोजणे दोन मिनिटांचे काम होते. गुठळीच्या संशयात रक्तात तपासले जाणारे डी-डायमर शस्त्रक्रियेनंतर एरवीही वाढलेले असते, त्यामुळे त्या तपासणीत वेळ न घालवता थेट पायाची डॉप्लर सोनोग्राफी करायला हवी होती. ती तालुक्याच्या गावी होते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी चूक केली असे म्हणणे मला जमत नाही. त्यांनी वेळ न दवडता रुग्ण पुढे पाठवला. सोळा दिवसांपूर्वीची शस्त्रक्रिया, बेशुद्ध पडणे आणि कमी ऑक्सिजन असूनही छातीत घरघर नसणे, हे तीन धागे एकत्र दिसले असते, तर क्लोपिडोग्रेलऐवजी हेपारिन तीन तास आधी मिळाले असते, एवढेच म्हणता येईल. त्या रुग्णालयाला आम्ही संपूर्ण प्रकरण ईसीजीसह पाठवले, आणि तेथील डॉक्टरांनी ते आपल्या सहकाऱ्यांसमोर मांडले.

आमच्या बाजूने, रुग्ण रस्त्यात असतानाच कॅथलॅब, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना सज्ज ठेवायला हवे होते. रक्तदाब टिकून आहे या माझ्या समजुतीमुळे ही बोलावणी रुग्ण आल्यावर झाली आणि किमान पाऊण तास त्यात गेला. शिवाय हृदय बंद पडले असते, तर लागणारे एक्मो, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र, त्या दिवशी दुसऱ्या रुग्णाला लावलेले होते आणि हे आम्हाला कॅथलॅबमध्ये शिरल्यानंतर कळले. आता अशा दूरध्वनीसाठी एक छापील कागद टेबलावर ठेवला आहे. त्यावर सध्याच्या रक्तदाबाच्या रकान्याशेजारी नेहमीच्या रक्तदाबाचा रकाना आहे, आणि नातेवाइकांना जुनी फाइल शोधायला सांगितल्याशिवाय आम्ही दूरध्वनी खाली ठेवत नाही.